फुटपाथ : भाग १

महापालिकेच्या दवाखान्याच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत १८० मीटर अंतर आहे. मी टेप लावून मोजलंय. टेपचं दुसरं टोक शेजारच्या दहावीतल्या मुलाने धरलं होतं आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून 'रस्ता रुंद करतायत का हो?' असं काळजीने विचारत होता. या १८० मीटरांत फुटपाथ नव्हता. कडेला उघडं पावसाळी गटार, गटाराला खेटून लावलेल्या दुचाक्या आणि तिथून थेट रहदारी. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना वॉकर घेऊन आठवड्यातून दोनदा या पट्ट्यातून न्यायची वेळ आली, तेव्हा मला तो पहिल्यांदा दिसला. त्याआधी वीस वर्षं मी तिथूनच जात-येत होते.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पेपरात आतल्या पानावर, वधू-वर सूचक मंडळांच्या जाहिरातींना चिकटून, महापालिकेची जाहीर सूचना आली. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घेण्यासाठी नागरिकांनी आपल्या भागातली कामं सुचवावीत, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतील. पुण्याने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून हे सुरू केलं, एवढं मला माहीत होतं. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरातली, १९८९ मधली. तिथे लोक वस्तीवस्तीत सभा घेऊन शहराचा पैसा आधी कुठे लागावा हे ठरवू लागले. आमच्याकडे येईपर्यंत त्या सभांचा एकपानी अर्ज झाला होता. कामाचं नाव, ठिकाण, अंदाजे खर्च, अर्जदाराची सही.

'अंदाजे खर्च' या रकान्यापाशी मी अडले. बँकेत तीस वर्षं लोकांची व्हाउचरं तपासली, पण फुटपाथ मीटरमागे कितीला पडतो हे कुठून माहीत असणार? खिडकीतल्या बाई म्हणाल्या, जेईसाहेबांना विचारा. जेईसाहेब म्हणजे कनिष्ठ अभियंता, तिशीच्या आतला मुलगा. दोन फोन टेबलावर वाजत होते, तिसरा कानाला होता. तरी त्याने ऐकून घेतलं, जागा त्याला लगेच कळली आणि तो म्हणाला, "मॅडम, फुटपाथ आमचा आहे, गटार आमचं नाही."

मला आधी चेष्टा वाटली. मग त्याने कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं. रस्ता आणि फुटपाथ पथ विभागाकडे. फुटपाथखालून जाणारं पावसाळी गटार दुसऱ्या विभागाकडे. मधली दोन झाडं उद्यान विभागाची, आणि पट्ट्याच्या बरोबर मध्यावर उभा असलेला डीपी वीज कंपनीचा. गटारावर झाकणं पडल्याशिवाय फुटपाथ होणार नाही, आणि झाकणांचा खर्च वेगळ्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या वेगळ्या खात्यातून, येणार. दरसूची काढून त्याने पटापट आकडेमोड केली. गटारावरच्या स्लॅबसह नऊ लाखांच्या वर. "नागरिकांच्या कामाला पाच लाखांची मर्यादा आहे," तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत त्यानेच उत्तर दिलं. "दोन कामं करा. भाग १, भाग २. नव्वद-नव्वद मीटर."

एक अर्ज फाडून मी दोन भरले. मर्यादेत बसवण्यासाठी कामाचे तुकडे पाडणं ही महापालिकेतली किती जुनी विद्या आहे, आणि ती सगळेच काही फुटपाथसाठी वापरत नाहीत, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला तो मुलगा हुशार वाटला. तसा तो होताही.

आवक-जावकच्या टेबलावर "ठेवून जा" म्हणाले. मी गेले नाही. माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मिळेपर्यंत उभी राहिले. ज्यांना असा अर्ज करायचा असेल त्यांनी माझं बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल, पण पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पुढची पाच वर्षं माझ्या हातात खरं असं तेवढंच होतं.

आता नगरसेवक. २०१७ च्या फेब्रुवारीत ज्या दहा महापालिकांच्या निवडणुका झाल्या, त्यांत आमचीही होती. प्रभाग चार सदस्यांचा. म्हणजे एका पट्ट्याला चार प्रतिनिधी, त्यातले दोन एका पक्षाचे, बाकी दोघे दोन वेगळ्या पक्षांचे. चार जण असले की काम चौपट वेगाने होईल असं वाटणाऱ्या भाबड्या लोकांत मी होते. पहिले म्हणाले, तो भाग ताई बघतात. ताई म्हणाल्या, दवाखाना आहे ना, मग तो आरोग्याचा विषय, भाऊंकडे जा. भाऊ गावी होते. चौथ्यांच्या ऑफिसातल्या मुलाने माझं नाव-नंबर वहीत लिहून घेतला, आणि त्यानंतर दरवर्षी मला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मेसेज येऊ लागला.

ऑक्टोबरात प्रभाग समितीची बैठक झाली. मी गेले. नागरिकांच्या अर्जांचा विषय शेवटी होता. त्याआधी एका चौकाच्या नामकरणावर पाऊण तास गेला. अर्जांची यादी वाचायला मोजून वीस मिनिटं लागली. अधिकारी नाव वाचणार, टेबलाभोवतीच्यांपैकी कुणीतरी 'घ्या' किंवा 'राहू द्या' म्हणणार. कित्येक अर्ज तर 'ही दुरुस्तीची कामं आहेत, अंदाजपत्रकाची गरज नाही' या एका वाक्यात निकालात निघाले. त्या अर्जदारांना ते कुणी कळवलं असेल असं वाटत नाही. माझा भाग १ 'घ्या' झाला. भाग २ च्या वेळी कुणीतरी म्हणालं, "हे एकदा झालं की," आणि अधिकाऱ्याने पान उलटलं. दोन नावं एकसारखी, एक चुकून दुसऱ्यांदा आलं असं समजून. मी हात वर केला. नागरिकांना बैठकीत बोलायची मुभा नाही, असं सांगण्यात आलं. बसून ऐकायची होती.

आयुक्तांनी जानेवारीत अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर केलं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळे: इतके हजार कोटी, उड्डाणपूल, करवाढ. माझा फुटपाथ कुठे आहे हे बघायचं तर पुस्तक हवं. ते चारशेच्या वर पानांचं. लेखा विभागात एक निवृत्तीला आलेले गृहस्थ होते, त्यांनी मला एका कोपऱ्यात बसू दिलं. मी बँकेतली आहे कळल्यावर त्यांचा सूरच बदलला. "मग तुम्हाला गंमत येईल," म्हणाले.

गंमत म्हणजे आधी घाबरगुंडी. परिशिष्टात शेवटी 'नागरिकांनी सुचविलेली कामे' अशी यादी होती आणि त्यात 'दवाखाना ते बसथांबा फुटपाथ करणे, भाग १' समोर आकडा होता ४९०. चारशे नव्वद रुपये! मी पुस्तक घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी न बोलता पानाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बारीक अक्षरांत छापलं होतं: रक्कम रुपये हजारांत. म्हणजे चार लाख नव्वद हजार.

त्या दुपारी त्यांनी मला पुस्तक वाचायला शिकवलं. आयुष्यात फार कमी लोकांनी मला इतकं उपयोगी काही शिकवलं असेल. प्रत्येक कामापुढे साधारण चार रकाने असतात. गेल्या वर्षी प्रत्यक्ष काय झालं, चालू वर्षी किती मंजूर होतं, चालू वर्षाचा सुधारित अंदाज किती, आणि पुढच्या वर्षी किती धरलंय. पेपरवाले शेवटचा रकाना वाचतात. "तुम्ही पहिला वाचा," ते म्हणाले. मी वाचत गेले. एका मंडईच्या दुरुस्तीला मंजूर दोन कोटी, प्रत्यक्ष खर्च शून्य, पुढच्या वर्षी पुन्हा दोन कोटी. एका पादचारी पुलाची तीच कथा. दुसरीकडे रस्ता डांबरीकरणाच्या एका शीर्षात मंजूर रकमेच्या दीडपट खर्च. हा जास्तीचा पैसा आला कुठून? "मंडईतून," ते म्हणाले, आणि चहा प्यायला निघून गेले.

मध्येच काही कामांपुढे नुसता १ लिहिलेला होता. हजारांत म्हणजे हजार रुपये. हजार रुपयांत व्यायामशाळा, हजार रुपयांत नाट्यगृह. ते परत आल्यावर विचारलं. म्हणाले, "टोकन. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं. लेखाशीर्ष उघडून ठेवायचं. शीर्षच नसेल तर त्यात पैसा वळवता येत नाही. असलं की मग वर्षभरात कधीही, कुठूनही." आणि हळूच पुढे म्हणाले, "रुमाल टाकलेल्या सगळ्यांना काही बसायला मिळत नाही."

आयुक्तांचं अंदाजपत्रक हे पहिलं. दुसरं स्थायी समितीचं. सोळा सदस्यांची ही समिती आयुक्तांच्या आकड्यांत भर घालून आपलं अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेपुढे ठेवते. आता भर घालायची म्हणजे पैसा दाखवायला हवा, कारण तूट दाखवून चालत नाही. आणि महापालिकेच्या हातात स्वतःची अशी मिळकतीची साधनं उरलीत किती? जकात गेली. तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्याकडून भरपाईचा हप्ता येऊ लागला. तो जितका यायचा तितकाच येतो, समितीला वाटलं म्हणून वाढत नाही. उरला मिळकतकर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. मग समितीने मिळकतकराच्या थकबाकीची वसुली भरघोस धरली, नव्या इमारतींच्या परवानग्या भरघोस धरल्या, आणि जमेच्या बाजूला शेकडो कोटी वाढले. खर्चाच्या बाजूला तेवढीच कामं वाढली. दोन्ही बाजू शेवटच्या हजारापर्यंत जुळत होत्या. मी बँकेत असं व्हाउचर आणलं असतं तर मॅनेजरने चष्म्यावरून बघितलं असतं.

या वाढीव धरलेल्या मिळकतीचा अर्थ मला तेव्हा नीट लागला नव्हता. पुस्तकात काम छापून आलं की पैसे बाजूला काढून ठेवले, असं मी धरून चालले होते. खरं तर मिळाली होती ती खर्च करायची परवानगी. पैसा आला, वेळेत आला आणि तोवर दुसऱ्या कुणी त्याच परवानगीवर बोट ठेवलं नाही, तर तो खर्च व्हायचा.

दरम्यान करांचे दर ठरूनही गेले होते. ते कायद्याने २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात, त्यामुळे त्याची सभा आधी होते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर मिळकतकराच्या नावाने शंख चालू झाला तेव्हा सभा होऊन चार दिवस झाले होते. खर्चाबद्दल सूचना द्यायला अर्ज आहे, कराबद्दल काही म्हणायचं तर त्या सभेआधी नगरसेवकाला गाठावं लागतं. आणि बहुतेकांना ती सभा कधी होते हेच ठाऊक नसतं.

भाग २ साठी मी ताईंना धरून ठेवलं होतं. चौघांतल्या त्याच त्यातल्या त्यात फोन उचलायच्या. त्या म्हणाल्या, "काकू, उपसूचना देऊन टाकते." सर्वसाधारण सभेत अंदाजपत्रकावर चर्चा होते तेव्हा सदस्य लेखी उपसूचना देतात, अमुक शीर्षातून इतके कमी करून तमुकला द्या म्हणून. मला ते प्रत्यक्ष बघायचं होतं. नगरसचिव कार्यालयातून प्रेक्षक गॅलरीचा पास काढला.

सभा तीन दिवस चालली. मी दोन दिवस बसले. गॅलरीत आम्ही सहा-सात जण. त्यातला एक विद्यार्थी, एक जण पंख्याखाली झोपायला येणारा, बाकी कार्यकर्ते. खाली एकेक सदस्य उभा राहून बोलत होता आणि जवळपास प्रत्येकाचं भाषण 'महापौर महोदय, माझ्या प्रभागावर अन्याय झालाय' इथे सुरू होऊन तिथेच संपत होतं. शहर असं कुणी म्हणतच नव्हतं. अपवाद एक. विरोधी बाकावरच्या एका ज्येष्ठ नगरसेविकेने फक्त पहिला रकाना वाचून दाखवला. मंजूर किती, खर्च किती, मंजूर किती, खर्च किती. पंधरा मिनिटं नुसते आकडे, आवाज न चढवता. सभागृहात तेव्हा अर्ध्याहून कमी लोक होते, बाकीचे बाहेर जेवत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात तिच्याबद्दल एक ओळ नव्हती. महापौरांसमोरचा मानदंड पळवला असता तर फोटो आला असता.

लोकसभेची आचारसंहिता केव्हाही लागेल म्हणून घाई होती. तिसऱ्या रात्री अकराच्या पुढे मतदान झालं. मी घरी होते, ताईंनी नंतर सांगितलं. उपसूचना शेकड्याने आलेल्या. त्या वाचल्या नाहीत. 'वाचल्या असे समजण्यात यावे' असं ठरलं आणि उपसूचनांसह अंदाजपत्रक बहुमताने मंजूर झालं. त्या समजुतीतच कुठेतरी माझे भाग २ चे नव्वद मीटर होते. मी पेढे वाटले नाहीत, पण सासूबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कधी सुरू करतायत?" मी म्हटलं, "एप्रिलमध्ये वर्ष सुरू होतं."

१० मार्च २०१९ ला आचारसंहिता लागली. मे संपेपर्यंत नवीन निविदा नाही. जूनमध्ये पाऊस; पावसाळ्यात खोदाई नाही. सप्टेंबरात जेईला फोन केला तर तो म्हणाला फाइल तयार आहे, गटाराच्या विभागाचं ना-हरकत पत्र यायचंय. ते आलं २१ सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे विधानसभेची आचारसंहिता लागली त्याच सुमारास. ती उठली ऑक्टोबरअखेर. एका आर्थिक वर्षातले सात महिने असे गेले आणि त्यात कुणाचा आळस, कुणाचा भ्रष्टाचार दाखवायचा म्हटलं तर मला दाखवता येणार नाही. हे मला जास्त त्रासदायक वाटलं. कुणावर चिडावं हेच कळेना.

फेब्रुवारीत एक दिवस चौकात स्वागतकमान उभी राहिली. लोखंडी सांगाडा, वर प्रभागाचं नाव, चौघांचीही नावं एका मापाच्या अक्षरांत. बघताक्षणी माझ्या पोटात गोळा आला. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. माझा आवक क्रमांक, लेखाशीर्ष, पान क्रमांक, सगळं लिहून. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, हे मुद्दाम सांगते. सोबत ठरावाची प्रत. 'दवाखाना ते बसथांबा फुटपाथ, भाग १ व भाग २ या कामांची तरतूद चालू वर्षी खर्च होणे शक्य नसल्याने ती प्रभागात नामफलक व कमान उभारणे या कामी वर्गीकरणाने उपलब्ध करून देण्यात यावी.' वर्गीकरण म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणं. सूचक म्हणून सही ताईंची.

मी ठरावाची प्रत घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. मार्च २०२०, टाळेबंदीच्या आदल्या आठवड्यात. वाटेत किती वाक्यं जुळवली होती. त्यांनी कागद बघितला आणि जराही न चपापता म्हणाल्या, "अहो काकू, मार्चपर्यंत तुमचं काम होणारच नव्हतं. जेईला विचारा. ३१ मार्चला पैसे लॅप्स झाले असते. ना तुम्हाला, ना मला. प्रभागाचे पैसे प्रभागात तरी राहिले." थोडं थांबून म्हणाल्या, "बाकी तिघांच्या याद्यांतून काही वळलं नाही असं वाटतं का तुम्हाला? मी वळवलं नसतं तर दुसऱ्या प्रभागाने वळवलं असतं."

मी परतले. खरं सांगायचं तर त्या खोटं बोलत नव्हत्या. ३१ मार्चला न वापरलेली तरतूद संपते, हे मला लेखा विभागातल्या गृहस्थांनी सांगितलेलंच होतं. वर्गीकरणाचा ठराव त्याच सभागृहात, तशाच 'वाचला असे समजण्यात यावे' पद्धतीने मंजूर झाला होता. फरक एवढाच की अंदाजपत्रकाच्या सभेचे मथळे होतात, पत्रकारांसाठी वेगळी टेबलं मांडतात, आणि वर्गीकरणाचे विषय महिन्याच्या सभेच्या कार्यपत्रिकेत साठाव्या-सत्तराव्या क्रमांकावर असतात. मी चुकीच्या सभेला पास काढून बसले होते. ज्याला शहराच्या पैशाचं काय होतं हे बघायचंय त्याने मार्चच्या भाषणांना गेलं नाही तरी चालेल. जानेवारी-फेब्रुवारीच्या साध्या सभांना जावं.

कमानीचं एक मात्र आहे. ती झाली वेगाने. तिच्या खाली कुठलंच गटार नव्हतं.

पुढची दोन वर्षं करोनात गेली. त्यात फुटपाथचं नाव काढायची मलाच लाज वाटली. दवाखान्याचं फाटक तेव्हा वेगळ्याच कारणाने बघत होतो. मग मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकलेला, निवडणूक नाही, प्रशासक आले. प्रशासक म्हणजे आयुक्तच. आयुक्त म्हणून अंदाजपत्रक तयार करणारे तेच, स्थायी समितीच्या अधिकारात ते तपासणारे तेच, आणि सर्वसाधारण सभेच्या अधिकारात मंजूर करणारेही तेच. तीन टप्पे, तीन खुर्च्या, माणूस एक. प्रेक्षक गॅलरीला कुलूप.

मी पुन्हा अर्ज केला. या वेळी ऑनलाइन होता. सबमिट केल्यावर 'धन्यवाद' असं आलं. पोच नाही, क्रमांक नाही. मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला, जुन्या सवयीने.

आणि २०२३ च्या मे महिन्यात एका सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी खडीचा ढीग पडला. मी धावतच गेले. जेई उभा होता, आता तो उपअभियंता झाला होता आणि त्याचे केस पुढून विरळ झाले होते. माझ्या ऑनलाइन अर्जाबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. जुनं एस्टिमेट त्याच्या कपाटात होतं. विभागाकडून तातडीच्या कामांची यादी मागवली तेव्हा त्याने त्यात ते सरकवलं. "ना-हरकत पत्र होतंच मॅडम, तयार काम कुणाला नको असतं?" म्हणाला. कुणाला विचारावं लागलं नाही, कुणी वळवलं नाही, नाव टाकायचा कुणी आग्रह धरला नाही. अकरा दिवसांत गटारावर स्लॅब, त्यावर पेव्हर ब्लॉक, कडेला पिवळी-काळी पट्टी.

आमच्या सोसायटीत तेव्हा एक मतप्रवाह होता: नगरसेवक नाहीत तेच बरं, बघा कसं काम झालं. मला ते ऐकवत नव्हतं आणि खोडूनही काढता येत नव्हतं. काम झालं हे खरं. पण ते एका माणसाच्या कपाटात कागद शिल्लक राहिला म्हणून झालं. त्या वर्षी बाजूच्या प्रभागातली शाळेची संरक्षक भिंत यादीतून गेली, तेव्हा तिथल्या पालकांना विचारायला जायला दारच नव्हतं. मला निदान ताईंच्या टेबलावर ठरावाची प्रत आपटायला मिळाली होती. ताईंनी मला उत्तर दिलं होतं. ते मला आवडलं नव्हतं, पण समोर बसून दिलं होतं. आणि पंधरा मिनिटं नुसता पहिला रकाना वाचणारी ती ज्येष्ठ नगरसेविका, तिला तरी आता कुठलं सभागृह होतं?

झाला तो भाग १. नव्वद मीटर. वीज कंपनीच्या डीपीपाशी फुटपाथ संपतो, अगदी सरळ रेषेत, सुरीने कापल्यासारखा. तिथे वीतभर उंचीवरून माणसं खाली रस्त्यावर उतरतात आणि उरलेला पट्टा पूर्वीसारखाच गटाराच्या कडेने चालतात. दुचाक्या आता सगळ्या त्या बाजूला सरकल्यात.

२०२४-२५ चं अंदाजपत्रक संकेतस्थळावर पीडीएफमध्ये आलं. चारशे पानं मोबाइलवर सरकवताना अंगठा दुखतो, पण मला आता कुठे बघायचं ते कळतं. परिशिष्टात शेवटून तिसऱ्या पानावर सापडलं: दवाखाना ते बसथांबा फुटपाथ करणे, भाग २. समोर आकडा १. मी सवयीने वरचा कोपरा बघितला. रक्कम रुपये हजारांत.

सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगायला लागलं. टोकन, शीर्ष, रुमाल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हजारात किती ब्लॉक बसतात गं?" त्या म्हणाल्या. "निदान ती पायरी तरी करून घे."